कपॅसिटर ड्रॉपर वीजपुरवठा

घरातल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेवर ट्रान्सफॉर्मर न लावता छोटे सर्किट चालवण्याची ही स्वस्त पद्धत. साधे एलईडी दिवे, नाइट लॅम्प, डास मारायच्या बॅटचे चार्जिंग, विजेचे मीटर अशा ठिकाणी ती आढळते.

नुसत्या रेझिस्टरने एवढा दाब (व्होल्टेज) उतरवला, तर ३० मिलिअँपिअरसाठीही सुमारे ७ वॅट उष्णतेत वाया जातात. म्हणून फेजच्या वाटेत कपॅसिटर घालतात. तो एसी प्रवाहाला आवर घालतो, पण स्वतः फारसा तापत नाही. ०.४७ मायक्रोफॅरडला ५० हर्ट्झवर अडथळा साधारण ६,८०० ओहम येतो, म्हणजे प्रवाह ३४ मिलिअँपिअरच्या आसपास. पुढे एसीचा डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, दाब ठरावीक पातळीवर रोखणारा झेनर डायोड आणि डीसीतले चढउतार कमी करणारा फिल्टर कपॅसिटर. झेनर गाळता येत नाही: लोड (पुढे जोडलेले सर्किट) सुटला की त्याच्याविना फिल्टर कपॅसिटरवरचा दाब ३२५ व्होल्टकडे चढतो आणि तो फुटतो.

मुख्य, म्हणजे फेजच्या वाटेतला, कपॅसिटर एक्स-२ वर्गाचाच, म्हणजे घरातल्या विजेला थेट जोडण्यासाठी बनवलेला हवा. त्याच्या फिल्मला भोक पडले तर भोवतालचा धातूचा थर उडून जातो आणि शॉर्ट टळतो. त्याला समांतर ४७० किलो-ओहमचा रेझिस्टर लावतात. नाहीतर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जमुळे पिनांना शॉक बसू शकतो. चालू करतानाचा झटका सोसायला ४७ ते १०० ओहमचा फ्यूजिबल (जादा प्रवाहात फ्यूजसारखा तुटणारा) रेझिस्टर लागतो.

खरा धोका मात्र आउटपुटला आहे. मल्टिमीटर ५ व्होल्ट दाखवतो, पण ते सर्किटच्या दोन टोकांमधले. मेन्सपासून, म्हणजे घरातल्या विजेपासून, हे सर्किट अलग झालेलेच नसते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला, की शून्य व्होल्टची तार थेट फेजच्या दाबावर येते. हात लावणारा आणि फेज यांच्यामध्ये तेव्हा कपॅसिटरही उरत नाही. म्हणून अशा सर्किटचे बटण, स्क्रू, सेन्सरची वायर, यूएसबी पोर्ट, काहीही उघडे राहता कामा नये. सगळे प्लास्टिकच्या बंद डब्यात हवे. त्याला लॅपटॉप किंवा अर्थ केलेला ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारे उपकरण) थेट जोडणे म्हणजे उपकरण जाळणे, प्रसंगी जीवही गमावणे. इंटरनेटवरच्या आकृत्यांत ही सूचना अनेकदा नसते, आणि हे फार वाईट आहे.

हाताळायच्या कोणत्याही प्रकल्पाला, विशेषतः विद्यार्थ्यांच्या, चांगल्या प्रतीचा मोबाइल चार्जर वापरावा. त्यात उच्च वारंवारतेचा छोटा ट्रान्सफॉर्मर मेन्स आणि आउटपुट अलग ठेवतो. दुहेरी इन्सुलेशनची खूण, म्हणजे चौकोनात चौकोन, त्यावर पाहून घ्यावी.