ऑशकॉशच्या रांगेत आरव्हीच का?

विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर जुलैअखेरीस हौशी वैमानिकांचा मोठा मेळावा भरतो. घरी बांधलेल्या विमानांत तिथे आरव्ही मालिका इतकी दिसते, की बाकीची मधेमधे पेरल्यासारखी वाटतात. ऑरेगनच्या व्हॅन्स एअरक्राफ्टची ही किट्स, म्हणजे घरी जोडायच्या सुट्या भागांचे संच. आजवर ११ हजारांहून अधिक उडाली आहेत.

कारण विचारलं की वेग सांगितला जातो. आरव्ही-७ ताशी ३०० किमीच्या वर जातं, तरी छोट्या धावपट्टीवर उतरतं. पण लॅन्सेअर हे दुसरं किट-विमान त्याहून वेगवान आहे. मेळाव्याला येतं ते पूर्ण झालेलं विमान, आणि गॅरेजात अर्धवट पडलेली किट्स कोणी मोजत नाही. म्हणजे प्रश्न वेगाचा नाही, पूर्ण होण्याचा आहे.

खरी किमया भोकांची. जुन्या आरव्ही-४च्या काळात जिग, म्हणजे भाग जागच्या जागी धरणारा साचा उभारून, ओळंबा लावून पंखाचा सांगाडा सरळ धरावा लागे. तिथे चूक झाली की पंखाला पीळ बसे आणि विमान एका अंगाला कलत उडे. पुढे पत्रे कारखान्यातूनच भोकं पाडून येऊ लागले. भोकावर भोक जुळवून क्लेको, म्हणजे पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना, लावले की आकार आपोआप बरोबर येतो.

उरतं ते रिव्हेटिंग, म्हणजे भोकांत धातूच्या खिळ्या ठोकून पत्रे कायमचे जोडणं. बरेचसे रिव्हेट ३/३२ इंची, म्हणजे २.४ मिमी व्यासाचे. ठोकल्यावर मागचं डोकं साधारण ३.६ मिमी रुंद आणि १.२ मिमी जाड हवं. रिव्हेट लांब निवडला तर तो वाकून आडवा पडतो. काढताना ड्रिल हललं की भोक मोठं होतं. म्हणून शेपटीचं किट आधी घ्यायचं. हात तिथे बसतो, आणि काम बिघडलंच तर एखादा पत्रा बदलून भागतं.

याच भोकांवर कंपनी २०२३मध्ये अडखळली. पंचाने ठोकून पाडण्याऐवजी लेसरने कापलेल्या काही भोकांत, कापाची सुरुवात आणि शेवट जिथे जुळतो तिथे बारीक खाच राहत होती. रिव्हेटचं डोकं सपाट बसावं म्हणून भोकाभोवती खळगा दाबताना कडा ताणली जाते. त्या खाचेतून तडे निघू लागले. आधीच आर्थिक ओढाताण होती. डिसेंबरात दिवाळखोरी कायद्याचं संरक्षण घ्यावं लागलं. २०२४मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली.

अमेरिकी विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझी या विमानाचं गणित उलटं. त्याचे फक्त आराखडे मिळत. फोम कापायचा, त्यावर काचतंतू आणि इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेचे थर चढवायचे, मग कंटाळा येईस्तोवर घासायचं. आराखड्यांची विक्री १९८५मध्येच थांबली. तरीही ऑशकॉशला ती दिसतात, कारण थोड्या इंधनात लांब पल्ला गाठतात. मात्र प्रोपेलर मागे असल्याने चाकांनी उडवलेले खडे थेट त्याच्यावर आदळतात. त्यामुळे कच्च्या धावपट्टीवरच्या मेळाव्याला ती सहसा फिरकत नाहीत. तिथे किटफॉक्ससारखी कापडी, हळू उडणारी विमानं शोभतात. त्यांचे पंख दुमडून ट्रेलरवरही आणता येतात.