‘पडीक दिसते ती जमीन कुणाचीच नसते’ : एक खुलासा

पावसाळा ओसरला की बेळगाव-खानापूर भागात एक सल्ला हमखास फिरतो: आदिवासी खोऱ्यातले मोकळे माळ कुणाच्याच मालकीचे नसतात, तिथे खुशाल तंबू ठोकावा. पीक दिसत नसल्याने असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो खरा नाही. डोंगरउतारावरची माती पातळ असल्याने नाचणी, वरी यांसारखी पिके काढल्यावर तो तुकडा काही काळ पड ठेवतात, आणि त्या काळात गवत-झुडपे वाढून माती सावरते, गुरांना चाराही मिळतो. नीट पाहिल्यास ढासळलेला दगडी गडगा किंवा शेणाने सारवलेल्या खळ्याची गोल खूण सापडते. (खळ्यात पायताण घालून शिरू नये, हे वेगळे सांगायला नको.)

वनजमिनीवरही २००६ च्या वनहक्क कायद्याने वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य केले आहेत. त्यामुळे जमिनीच्या उताऱ्यावर (सरकारी नोंदीच्या कागदावर) शेतकऱ्याचे नाव नाही म्हणजे जमीन मोकळी, हा निष्कर्ष टिकत नाही. पडताळणीसाठी सर्व्हे नंबरवरून उतारा पाहावा, भीमगडसारखे अभयारण्य असल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी. मात्र सर्वांत आधी वाडीत जाऊन विचारावे, कारण कोणता तुकडा पुढल्या पावसात कसायचा आहे, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.