प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजी

पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर कमरेच्या होल्स्टरमधून काढून, आखून दिलेल्या जागेत हालचाल करीत, निरनिराळ्या अंतरांवरील लक्ष्यांचा कमीत कमी वेळात अचूक वेध घेण्याचा स्पर्धात्मक क्रीडाप्रकार. ऑलिंपिकमधील पिस्तूल नेमबाजीत नेमबाज एका जागी उभा असतो आणि लक्ष्याचे अंतर ठरलेले असते. येथे तो धावतो, वाकतो, आडोशाच्या फटीतून नेम धरतो, मध्येच मॅगझिन बदलतो. स्पर्धेतील प्रत्येक टप्प्याला ‘स्टेज’ म्हणतात आणि एका स्टेजची मांडणी दुसरीसारखी नसते. इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन ऊर्फ आयपीएससी ही या खेळाची प्रमुख जागतिक संस्था होय. ‘डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरिटास’ म्हणजे अचूकता, ताकद आणि वेग हे तिचे लॅटिन ब्रीद. या तिन्हींना समान मान द्यायचा हे तत्त्व ठरले, आणि नियमांतील बहुतेक गुंतागुंत त्यांचा तोल राखण्यापायी निर्माण झाली.

उगम : या खेळाचे मूळ कोठे मानावे, याविषयी एकमत नाही. एक मत त्याला पोलीस प्रशिक्षणापर्यंत मागे नेते. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात शांघाय नगरपालिकेच्या पोलीस दलात विल्यम फेअरबर्न आणि एरिक साइक्स यांनी अंधाऱ्या खोल्या, अचानक समोर येणारी लक्ष्ये आणि जवळच्या अंतरावरून झटपट गोळीबार यांवर भर देणारी शिक्षणपद्धती बसवली. पुढे अमेरिकेत एफबीआयने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी निरनिराळी अंतरे, शरीराच्या निरनिराळ्या स्थिती आणि वेळेची मर्यादा असलेला पिस्तूल अभ्यासक्रम आखला. पोलिसांच्या स्पर्धाही त्यातूनच निघाल्या. दुसरे मत दक्षिण कॅलिफोर्नियातील नागरी स्पर्धांना जनकत्व देते. १९५० च्या दशकात दूरचित्रवाणीवरील काउबॉयपटांमुळे होल्स्टरमधून झटकन पिस्तूल काढण्याचे वेड तेथे पसरले होते. बहुतेक मंडळांत त्यासाठी मेणाच्या गोळ्या किंवा गोळी नसलेली काडतुसे वापरीत. जेफ कूपर (१९२०–२००६) हे मरीन दलातील माजी अधिकारी आणि त्यांचे सहकारी यांनी बिग बेअर येथे खऱ्या दारूगोळ्यावर ‘लेदरस्लॅप’ नावाच्या लढती सुरू केल्या. यांचा आरंभ साधारणपणे १९५६-५७ च्या सुमारास धरला जातो. दोघे नेमबाज शेजारी उभे राहत आणि समोरचा फुगा आधी फोडेल तो जिंकत असे.

या दोन मतांपैकी दुसरे अधिक ग्राह्य वाटते. पोलीस प्रशिक्षणाने काही कल्पना पुरवल्या हे खरे. पण त्यात अभ्यासक्रम ठरलेला असे आणि उत्तीर्ण होणे हे उद्दिष्ट असे. कोणती पद्धत प्रत्यक्षात सरस ठरते हे खुल्या लढतीतून शोधायचे आणि कोणी एकाच प्रकारात तरबेज होऊन बसू नये म्हणून मांडणी सतत बदलत राहायची, हे या खेळाचे खरे लक्षण बिग बेअरच्या गटातच प्रथम स्पष्ट दिसते. त्याचे ठळक उदाहरण जॅक वीव्हर यांचे. लॉस अँजेलिस परगण्याचे हे डेप्युटी शेरीफ सुरुवातीला इतरांप्रमाणे कमरेच्या उंचीवरून, न बघता गोळी झाडत. नेम चुकला तर हाताच्या चपळाईचा उपयोग नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी पिस्तूल दोन्ही हातांनी धरून डोळ्यांसमोर आणायला सुरुवात केली आणि १९५९ मध्ये लेदरस्लॅप जिंकली. उजव्या हाताने पुढे रेटा द्यायचा आणि डाव्याने मागे ओढायचे, अशी ही ‘वीव्हर पकड’ पुढे कूपर यांनी सर्वत्र रूढ केली. (१९८० च्या दशकात रॉब लेथम व ब्रायन एनोस यांनी दोन्ही हात सारखे पुढे ताणण्याची पद्धत वापरली आणि आता स्पर्धांतून तीच बहुतांशी दिसते. म्हणजे वीव्हर यांची पद्धतही त्याच कसोटीवर मागे पडली.) बिग बेअरच्या गटातूनच पुढे साउथवेस्ट कॉम्बॅट पिस्टल लीग उभी राहिली, आणि केवळ झटपट पिस्तूल काढण्याच्या लढतींची जागा अनेक लक्ष्यांच्या मांडणीने घेतली.

आयपीएससीची स्थापना मे १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसूरी राज्यातील कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत झाली. कूपर पहिले अध्यक्ष झाले. मात्र पहिली विश्वस्पर्धा १९७५ मध्ये झ्युरिक येथे झाली असे मानतात, आणि तिचे विजेते रे चॅपमन यांना पहिले विश्वविजेते म्हटले जाते. म्हणजे विश्वस्पर्धा संस्थेहून वर्षभराने थोरली ठरते. ही गणना मागाहून केलेली असली तरी ती रूढ आहे आणि ती बदलण्याचे कारण नाही.

गुणांकन : पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर ए, सी आणि डी असे विभाग आखलेले असतात. एका लक्ष्यावर बहुधा दोन गोळ्या मोजल्या जातात. भोकाची कड वरच्या विभागाच्या रेषेला टेकली, तर वरचे गुण मिळतात. लोखंडी लक्ष्य पडलेच पाहिजे. नुसते वाजून उपयोग नाही. ए विभागाला सर्वांना ५ गुण. सी व डी यांचे गुण मात्र काडतुसाच्या ताकदीवर ठरतात : ‘मेजर’ काडतुसाला ४ आणि २, ‘मायनर’ला ३ आणि १. लक्ष्य चुकल्यास, झाडू नये अशा लक्ष्याला गोळी लागल्यास किंवा कार्यपद्धतीचा दोष घडल्यास प्रत्येकी १० गुण वजा होतात.

काडतुसाची ताकद ‘पॉवर फॅक्टर’ने मोजतात. गोळीचे ग्रेन या लहान एककातील वजन गुणिले तिचा फूट प्रतिसेकंदातील वेग, भागिले १,०००. मायनरसाठी किमान १२५ लागतात. मेजरसाठी ओपन गटात १६० आणि स्टँडर्ड गटात १७०. उदा., १२४ ग्रेनची गोळी १,०५० फूट वेगाने गेली तर १३०.२, म्हणजे मायनर. २३० ग्रेनची गोळी अवघ्या ७५० फुटांनी गेली तरी १७२.५, म्हणजे मेजर. मोठ्या स्पर्धांत प्रत्येकाची काडतुसे नमुन्यादाखल घेतात. एक काडतूस उघडून गोळी तोलतात, बाकीची झाडून वेग मोजतात. मेजरची मर्यादा न गाठल्यास सर्व गुण मायनरप्रमाणे धरतात आणि मायनरचीही न गाठल्यास गुण मिळतच नाहीत. बरेच नेमबाज काडतुसे घरी स्वतः भरतात. त्यामुळे मर्यादेच्या अगदी काठावर राहणाऱ्याला थंड सकाळी वेग घटण्याची धास्ती असते, आणि अनुभवी मंडळी चार-पाच अंकांची सूट हाताशी ठेवतात.

गुणांना सेकंदांनी भागले की ‘हिट फॅक्टर’ मिळतो. वेळ टायमर मोजतो. तो प्रत्येक बाराचा आवाज टिपतो आणि शेवटच्या आवाजाची नोंद सेकंदाच्या शतांशापर्यंत देतो. समजा, १२ गोळ्यांची, ६० गुणांची स्टेज आहे. एकाने मायनर काडतुसाने बाराही गोळ्या ए विभागात मारल्या, वेळ ८.०० सेकंद : हिट फॅक्टर ७.५. दुसऱ्याने मेजर काडतुसाने आठ ए व चार सी मारले, वेळ ७.०० सेकंद : ५६ भागिले ७, म्हणजे ८. स्टेजचे पूर्ण ६० गुण दुसऱ्याला आणि पहिल्याला त्या प्रमाणात ५६.२५. आता दुसऱ्याने हीच भोके मायनरने पाडली असती, तर ५२ भागिले ७ म्हणजे सुमारे ७.४३, आणि स्टेज पहिल्याने जिंकली असती. एका सेकंदाची किंमत सर्व स्टेजवर सारखी नसते, हेही यातच आले. जवळच्या लक्ष्यांच्या, हिट फॅक्टर चढा असलेल्या स्टेजवर सी विभाग पत्करून पुढे सरकणे परवडते. दूरच्या लक्ष्यांवर घाई अंगाशी येते. हे गणित ज्याला चालताचालता जमते तो वरच्या फळीत जातो. क्रीडाजगतात वेग आणि अचूकता यांचा इतका चोख हिशेब क्वचितच आढळतो.

पिस्तुलांचे गट : कूपर यांच्या मूळ भूमिकेनुसार पिस्तुलांचे वर्गीकरण नसावे, सर्वांनी एकत्र खेळावे. ते टिकले नाही. नळीच्या टोकाशी झटका कमी करणारे कॉम्पेन्सेटर आले. पाठोपाठ नेम धरण्यासाठी लाल ठिपका दाखवणारे दर्शक आले. १९९० मध्ये ॲडलेड येथील विश्वस्पर्धा डग कोनिग यांनी असा दर्शक वापरून जिंकल्यावर साध्या माशी-खाचेने खेळणाऱ्यांची बाजू लंगडी झाली. पुढच्या काळात स्वतंत्र गट झाले. ओपनमध्ये दर्शक व कॉम्पेन्सेटर चालतात. स्टँडर्डमध्ये नाहीत आणि पिस्तूल ठरावीक मापाच्या पेटीत मावावे लागते. प्रॉडक्शनमध्ये कारखान्यातून निघालेली, मान्य यादीतील पिस्तुले असून सर्वांचे गुण मायनरप्रमाणे धरतात. क्लासिक, रिव्हॉल्वर व प्रॉडक्शन ऑप्टिक्स हे इतर गट होत. नवख्याने प्रॉडक्शनने आरंभ करावा हा सर्वसाधारण सल्ला रास्त आहे. खर्च आणि बिघाड दोन्ही कमी.

सहभाग व सुरक्षितता : प्रवेश स्थानिक क्लबमार्फत होतो आणि बहुतेक ठिकाणी सुरक्षिततेचे प्रशिक्षण पुरे केल्याखेरीज स्पर्धेत उतरू देत नाहीत. रेंज (नेमबाजीचे मैदान) ‘कोल्ड’ असते, म्हणजे रेंज ऑफिसरने (स्टेजवरील पंचाने) आज्ञा देईपर्यंत प्रत्येकाचे पिस्तूल रिकामे आणि होल्स्टरमध्ये असते. पिस्तूल हाताळण्यासाठी ‘सेफ्टी एरिया’ राखून ठेवलेला असतो. तेथे काडतुसाला, अगदी खोट्या काडतुसालाही, हात लावायचा नाही. हा नियम तोडल्यास स्पर्धेतून बाद.

स्पर्धक दहा-बारा जणांच्या ‘स्क्वॉड’मध्ये एका स्टेजवरून दुसरीवर जातात. सुरुवातीस काही मिनिटे पाहणीला मिळतात. या वेळी रिकाम्या हातांनी बोट रोखून चालणारी माणसे दिसतात : कोठून कोणते लक्ष्य दिसते, मॅगझिन कोणत्या पावलांदरम्यान बदलायचे, दारापाशी कोणता पाय पुढे हवा, हे ती पाठ करीत असतात. पाळी आल्यावर ‘लोड अँड मेक रेडी’, मग ‘आर यू रेडी’, मग ‘स्टँडबाय’ आणि त्यानंतर एक ते चार सेकंदांत टायमरचा आवाज. शेवटी ‘इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर’. रेंज ऑफिसर नळीचे कोठार रिकामे असल्याचे डोळ्यांनी पाहतो, चाप ओढून घोडा पाडायला लावतो आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये गेल्यावर ‘रेंज इज क्लिअर’ पुकारतो. त्याआधी कोणीही पुढे पाऊल टाकत नाही. या आज्ञा जगभर इंग्रजीतच दिल्या जातात, त्यामुळे परक्या देशातील नेमबाजालाही अडचण येत नाही.

नळी लक्ष्याच्या दिशेपासून ९० अंशांपलीकडे वळली, धावताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापाच्या कड्यात राहिले, नेम नसताना गोळी सुटली किंवा स्टेज चालू असताना पिस्तूल हातातून पडले, तर स्पर्धक त्या स्टेजपुरता नव्हे तर संपूर्ण स्पर्धेतून बाद होतो. विश्वविजेत्यालाही सूट नाही. स्टेजबाहेर पिस्तूल पडले तर पडणे हा दोष नाही. ते स्वतः उचलणे हा दोष आहे. शांत उभे राहून रेंज ऑफिसरला हाक मारायची, उचलण्याचे काम त्याचे. नवख्यांना हा नियम विचित्र वाटतो, पण पडते पिस्तूल झेलण्याच्या धडपडीत बोट चापावर जाते, हे लक्षात घेतले की त्याचे शहाणपण पटते.

गोळीबार संपल्यावर रेंज ऑफिसर भोके वाचत जातो; नोंदपत्रकावर सही केली की निकाल पक्का, म्हणून वाद असेल तर सहीपूर्वी काढायचा. गुण मोजून होईपर्यंत लक्ष्याला कोणी हात लावायचा नाही. त्यानंतर मात्र स्क्वॉडमधील सर्वांनी चिकटपट्टीने भोके बुजवायची आणि पडलेली लोखंडी लक्ष्ये उभी करायची, असा शिरस्ता आहे. रेंज ऑफिसर बहुतेक स्वयंसेवक असतात व स्वतःही नेमबाज असतात. क्लबच्या स्पर्धा पूर्णपणे याच श्रमांवर चालतात. नवख्याची पारख त्याच्या वेळेपेक्षा तो पट्ट्या लावायला पुढे येतो की नाही यावरून होते, आणि ही पारख योग्यच आहे.

प्रसार व संबंधित प्रकार : आयपीएससीच्या सदस्य प्रदेशांची संख्या शंभराच्या आसपास आहे. महिला, कनिष्ठ व ज्येष्ठ यांच्यासाठी स्वतंत्र क्रमवारी लावतात. नामवंतांत रॉब लेथम (१९८३, १९८६ आणि १९८८ चे विश्वविजेते) आणि १९९९ मध्ये सेबू येथे ओपन गट जिंकून पुढे अनेक विजेतेपदे मिळवणारे फ्रान्सचे एरिक ग्रोफेल यांचा उल्लेख करावा लागेल. अमेरिकेतील यूएसपीएसए ही संघटना डी पासून ग्रँडमास्टरपर्यंत श्रेणी देते. ग्रँडमास्टरसाठी ठरवून दिलेल्या सर्वोच्च हिट फॅक्टरच्या ९५ टक्के कामगिरी लागते. माणसाच्या आकृतीच्या लक्ष्यावरून आक्षेप आल्यामुळे अनेक देशांत डोके नसलेले अष्टकोनी वळणाचे लक्ष्य वापरतात. अमेरिकेत डोक्याचे लक्ष्यही चालू आहे. १९८१ मध्ये सुरू झालेल्या स्टील चॅलेंजमध्ये लोखंडी पत्र्यांवर फक्त वेळ मोजतात. स्पर्धा प्रत्यक्ष वापराच्या साधनांपासून दूर गेली, या तक्रारीतून १९९६ मध्ये आयडीपीए ही संघटना स्थापन झाली. तिच्या स्पर्धांत कपड्याआडून पिस्तूल काढतात आणि गमावलेल्या प्रत्येक गुणामागे नेमबाजाची वेळ वाढवतात.