समुद्रातली ऊर्जा आणि सागरी बांधकामातलं इंजिनिअरिंग (गोवा)

अक्षय ऊर्जा आणि सागरी बांधकाम ही दोन वेगळी क्षेत्रं आहेत असं कॉलेजात वाटतं, पण समुद्रात पवनचक्की उभी करायची म्हटलं की दोन्ही एकच काम होऊन जातं. आधी तळ मोजायचा, बोअर मारून खालची माती बघायची, मग पोलादी पाइल, म्हणजे तळात खोल रोवायचा खांब, ठोकायचा, बंदरातून टॉवर नि पाती जहाजावर चढवायची, म्हणजे सिव्हिल, मेकॅनिकल, नेव्हल आर्किटेक्चर (जहाजांचं डिझाइन) सगळेच लागतात. ग्रीन एनर्जी म्हणजे इलेक्ट्रिकलवाल्यांचं काम, असं पोरांना सांगतात ते साफ चुकीचं आहे. केंद्रानं 2024 मध्ये समुद्री पवन ऊर्जेसाठी 7,453 कोटींची योजना मंजूर केली, गुजरात आणि तामिळनाडूत 500-500 मेगावॉटसाठी, त्यातले 600 कोटी निव्वळ दोन बंदरं सुधारायला आहेत.

गोव्यात भरती-ओहोटीचा फरक साधारण दोन मीटर, त्यामुळे त्यावर वीज काढायला खंभातचं आखात कितीतरी बरं. पण भरतीचं पाणी हाताळायची अक्कल इथे जुनीच आहे. खाडीकाठच्या सखल खाजन शेतांच्या बांधातल्या मानशी, म्हणजे पाण्याचे दरवाजे, बघा, भरती चढली की पाण्याच्याच दाबानं लाकडी झडप बंद होते आणि ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं, मोटर नाही की वीज नाही. सिव्हिलच्या प्रत्येक पोरानं एकदा तरी तिथं उभं राहून हे बघावं असं मनापासून वाटतं.

या कामातला खरा शत्रू मीठ. ओहोटीच्या वेळी जेटीचा लोखंडी पाइल नीट बघितला तर कायम पाण्यात असलेला भाग त्यामानानं बरा असतो, खाली कालवं चिकटलेली दिसतात, आणि भरतीच्या रेषेच्या जरा वर, जिथं लाटेचं पाणी उडतं, सुकतं, परत उडतं, तिथं गंजाचे पापुद्रे सुटलेले असतात. काँक्रीटमध्येही तेच, मीठ आत सळईपर्यंत पोचलं की गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट तडकून पडतं. गंजरोधक कोटिंग, जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे ॲनोड (स्वतः झिजून लोखंड वाचवणारे तुकडे), तपासणी, यातच कित्येकांचं अख्खं करिअर जातं आणि ते काम जेटीवर चालतं तसंच पवनचक्कीच्या पायावरही.

शिकायला नि नोकरीला मुरगाव बंदर, 1957 पासूनचं गोवा शिपयार्ड, दोनापावलाची 1966 मध्ये सुरू झालेली एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि फर्मागुढीचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. एम.टेक.च्या गेट प्रवेश परीक्षेला नेव्हल आर्किटेक्चर नि मरीन इंजिनिअरिंगचा वेगळा पेपर 2022 पासून आहे. ऑफशोअरला जायचं तर सी सर्व्हायव्हल ट्रेनिंग लागतं, उलट्या बुडवलेल्या केबिनमधून पट्टा सोडून बाहेर यायचं वगैरे. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचं असं सेंटर 2024 मध्ये गोव्यातच सुरू झालं.

पवनचक्क्या गुजरात-तामिळनाडूकडे उभ्या राहायच्या, म्हणून पहिली नोकरी इथल्याच जेटीवर किंवा पुलाच्या साइटवर घेतलेली बरी. जून ते सप्टेंबर खवळलेल्या समुद्रात काम जवळपास बंदच, तेव्हा ऑफिसात बसून ड्रॉइंगं आणि सर्व्हेचे रिपोर्ट काढायचे.