पंपाच्या स्क्रूपासून हायब्रिडपर्यंत : विदर्भातल्या ट्रकमधील बदलांची पार्श्वभूमी

वणी-घुग्गुसचा कोळसा, गडचांदूरचं सिमेंट, हिंगणघाट-अकोटच्या जिनिंगचा कापूस, गोंदियाचा तांदूळ. माल बदलतो, पण गाडीमालकाची गरज तीच असते : तेवढ्याच डिझेलमध्ये जास्त ओढलं पाहिजे. हायब्रिड किट, म्हणजे डिझेल इंजिनाच्या मदतीला मोटर आणि बॅटरी, बसवलं तर एव्हरेज वाढेल का, हा प्रश्न त्याच गरजेतून येतो. उत्तर देण्याआधी मागे पाहावं लागतं, कारण ट्रकमध्ये जोर वाढवला की तो जोर पुढच्या कच्च्या भागावर जाऊन बसतो, हे आजवर प्रत्येक बदलात दिसलेलं आहे.

टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीची डेमलर-बेंझ यांचा करार १९५४ मध्ये झाला आणि १९६९ मध्ये संपला. त्यातून आलेल्या टाटाच्या गाड्यांनी पुढची कित्येक दशकं वाहतूक ओढली. नावातले आकडे उपयोगाचे होते. १६१३ म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन १६ टन आणि इंजिनाची ताकद १३० हॉर्सपॉवरच्या आसपास. टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नसलेलं सहा सिलिंडरचं ६९७ इंजिन कुठलाही मिस्त्री झाडाखाली उघडत असे. त्यामुळे पहिला 'बदल'ही झाडाखालीच झाला : डिझेल पंपाचं सील तोडून स्क्रू उघडायचा. डिझेल जास्त जातं, पण हवा तेवढीच राहते, म्हणून उरलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. सायलेन्सरकडे जाणारा वायू तापतो, चढावर हेड गॅस्केट जातं, पिस्टनला चरे पडतात. जोर थोडा वाढतो, एव्हरेज मात्र नक्की पडतं.

दुसरा बदल मागच्या पाट्यांचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्यांचा. जास्त माल भरायचा म्हणून एक-दोन पाटे वाढवले जातात. रिकामी गाडी मग आदळत चालते, यू-बोल्ट ढिले होतात, सेंटर बोल्ट तुटतो आणि चेसिसच्या आडव्या मेंबरला रिव्हेटच्या भोकापासून तडा जातो. काळ्या मातीचा रस्ता पावसात खचला की हे लवकर होतं.

तिसरा बदल क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या अॅक्सलमधल्या मोठ्या आणि छोट्या दातेरी चक्रांच्या जोडीचा, आणि तो खऱ्या अर्थाने विचार करून केलेला बदल होता. पिनियनला ६ आणि क्राउनला ४१ दात असले तर गुणोत्तर ६.८३ येतं. ७ आणि ४१ केले तर ५.८६. त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १४ टक्के कमी होतात. नागपूर-अमरावतीसारख्या सपाट रस्त्यावर याने डिझेल वाचतं. पण भरलेली गाडी चढावर उचलताना क्लच जळतो, म्हणून मेळघाटातल्या सेमाडोह-धारणी भागात फिरणाऱ्याने हे करू नये. जोडी नेहमी एकत्र बदलायची. जुन्या क्राउनवर नवा पिनियन लावला की तो गुणगुणतो आणि काही महिन्यांत दात उडतात.

टर्बो आल्यावर हवेची कमतरता संपली. टाटा-कमिन्सची भागीदारी १९९३ ची. ५.९ लिटरच्या ६बीटी इंजिनाने त्याच आकारात कितीतरी जास्त ओढ दिली. नवी शिस्तही शिकावी लागली. चढ संपवून आलेली गाडी लगेच बंद केली तर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच जळून कोळसा होतं. दोन-तीन मिनिटं इंजिन स्लोवर (रेस न देता चालू) ठेवून मग किल्ली फिरवायची. हे आजही बरेच चालक करत नाहीत, आणि टर्बोला दोष दिला जातो.

पुढचे बदल मालकाने केले नाहीत, कायद्याने केले. धुराच्या प्रदूषणाचं मानक बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. डिझेलमधलं गंधक बीएस-३ च्या ३५० पीपीएमवरून ५० आणि मग १० पीपीएमवर आलं. इंजेक्शनचा दाब १,६०० बारच्याही वर गेला. ड्रममध्ये साठवलेलं, पाणी लागलेलं डिझेल जुना पंप पचवत असे. नव्या इंजेक्टरला ते चालत नाही. वॉटर सेपरेटरचं पाणी पावसाळ्यात रोज काढावं.

बीएस-६ मध्ये धूर स्वच्छ करणारं युरियाचं द्रावण, म्हणजे डीईएफ, आणि धुराची जाळी, म्हणजे डीपीएफ, हे दोन नवे खर्च आले. द्रावणात युरिया ३२.५ टक्के असतो आणि १०० लिटर डिझेलमागे ते साधारण ४ ते ६ लिटर लागतं. २५ अंशांवर ते दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांवर जेमतेम सहा महिने. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले कॅन म्हणजे पैसे पाण्यात. शेतीचा युरिया विरघळवून टाकणं म्हणजे तर धूर स्वच्छ करणारा सायलेन्सरमधला उत्प्रेरक मारून टाकणं आहे. इंजिन मग स्वतःच ओढ कमी करतं.

जाळी साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करते तेव्हा तिच्यातलं तापमान ६०० अंशांच्या घरात जातं. वजनकाट्यावर तासनतास स्लोवर उभ्या राहणाऱ्या गाडीत ती लवकर चोंदते आणि उभ्या गाडीवर सफाई करावी लागते. जिनिंगच्या आवारात किंवा सोयाबीनच्या कुटारावर ही सफाई कधीही सुरू करू नये. मोकळी, कोरडा कचरा नसलेली जागा शोधावी.

जुलै २०१८ मध्ये दोन अॅक्सलच्या ट्रकची भरलेल्या वजनाची मर्यादा १६.२ वरून १८.५ टन आणि तीन अॅक्सलच्या ट्रकची २५ वरून २८.५ टन झाली. आकडा वाढला म्हणून जुन्या गाडीचं हाउसिंग (मागच्या अॅक्सलचं कवच), ब्रेक आणि क्राउन बदलत नाहीत.

आता हायब्रिड. इंजिनाने जनरेटर फिरवायचा आणि चाकं मोटरने चालवायची, ही पद्धत डिझेल रेल्वे इंजिनात आणि मोठ्या खाण डंपरमध्ये जुनीच आहे. पण त्यात ही ऊर्जा साठवणारी बॅटरी सहसा नसते. ब्रेकची ऊर्जा रोधकात उष्णता होऊन जाते. ती साठवून परत वापरायची कल्पना व्यापारी वाहनात आणली ती मुख्यतः जपानने. हिनो कंपनीची हायब्रिड बस १९९१ मध्ये, ड्युट्रो या हलक्या ट्रकचं हायब्रिड रूप २००३ मध्ये आणि पुढच्या रस्त्याचा चढउतार ओळखून बॅटरी वापरणारा अवजड प्रोफिया हायब्रिड २०१९ मध्ये आला. अमेरिकेत ईटन कंपनीची हायब्रिड यंत्रणा २००७ पासून कारखान्यातून बसून येत होती : क्लच आणि गिअरबॉक्सच्या मध्ये ४४ किलोवॅटची मोटर, ३४० व्होल्टची लिथियम बॅटरी, साठवण सुमारे २ किलोवॅट-तास. २०१४ च्या सुमारास तिची तिथली विक्री थांबली.

ती का थांबली असावी, हे अंकगणितातून थोडंफार दिसतं. २८.५ टनांची गाडी ताशी ५० किलोमीटरवरून थांबवली तर सुमारे ०.७६ किलोवॅट-तास ऊर्जा मोकळी होते. बारा सेकंदांत ती घ्यायची तर २३० किलोवॅटची मोटर हवी. ४४ किलोवॅटच्या मोटरच्या वाट्याला पाचवा हिस्साही येत नाही. उतारावर वेळ मिळतो, पण पूर्ण जोराने भरली तर २ किलोवॅट-तासांची बॅटरी तीन मिनिटांत भरते. सपाट रस्त्यावर एका लयीत धावणारी गाडी ब्रेकच लावत नाही, म्हणजे परत मिळवायला काहीच नसतं. समृद्धी महामार्गावर सोयाबीन घेऊन धावणाऱ्याने हायब्रिडचा विचार सोडून टायरची हवा आणि अलाइनमेंट पाहिलेलं बरं.

सर्वात चांगला फायदा भरून उतरणाऱ्या आणि रिकाम्या चढणाऱ्या गाडीला होतो. सुरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज खाली आणणं हे तसं काम आहे. कोळशाच्या खुल्या खाणीत बरोबर उलटं असतं : गाडी भरून वर येते आणि रिकामी खाली जाते, त्यामुळे उताराची कमाई थोडीच. खाणी दोन्ही, पण हिशेब वेगळा.

जुन्या गाडीला किट लावण्याचा विचारही नवा नाही. पुण्याच्या केपीआयटी कमिन्सने २०१० मध्ये कारसाठी रेव्होलो किट जाहीर केलं होतं. हायब्रिड किट बसवण्याचे नियम २०१६ मध्ये आले. तपासणीच्या एआयएस-१२३ मानकाचा दुसरा भाग ३,५०० किलोंवरच्या वाहनांसाठी आहे. किटला एआरएआयसारख्या (पुण्याची वाहन तपासणी संस्था) संस्थेची मंजुरी, अधिकृत बसवणारा आणि आरसीवर नोंद, हे तिन्ही लागतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदीशिवाय केलेला बदल बेकायदा ठरतो, आणि अपघातात विमा कंपनी त्याच कागदावर बोट ठेवते.

मंजूर किट मिळालं तरी आधी गाडीचा मागचा भाग तपासावा. मोटर शून्य फेऱ्यांपासूनच पूर्ण पीळ (फिरवणारा जोर, टॉर्क) देते. ईटनच्या मोटरचा पीळ ४२० न्यूटन-मीटर होता, जुन्या ६९७ च्या कमाल पिळाच्या आसपास. तो इंजिनाच्या पिळात मिळून गिअरबॉक्स, शाफ्टच्या जॉइंटचा क्रॉस आणि क्राउनवर येतो. शाफ्ट हाताने फिरवून खेळ पाहावा, क्रॉसच्या कपाला गंज आहे का बघावं, हाउसिंगच्या ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा मिळाला तर किटचा विषय तिथेच थांबवावा.

बॅटरीचं थंड करणारं सर्किट वेगळं असतं. त्याच्या रेडिएटरवर कोळशाची भुकटी बसली तर एप्रिल-मेमध्ये बॅटरी स्वतःच मोटरची ताकद कापते. तो आठवड्याला आतून बाहेर हवा मारून साफ करावा. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलजवळ प्रेशरचं पाणी मारू नये. हौद्याचं किंवा फाळक्याचं वेल्डिंग करायचं असेल तर हाय व्होल्टेजचा सर्व्हिस प्लग किटच्या प्रशिक्षित माणसाकडून काढून घ्यावा, २४ व्होल्टच्या बॅटरीच्या तारा आणि ईसीयूचे (इंजिनाच्या संगणकाचे) कनेक्टर सोडवावेत, आणि वेल्डिंगची अर्थ जोडाच्या अगदी शेजारी लावावी.