चंद्राचा मेटल प्रिंट : सब्लिमेशनचा की यूव्हीचा?

‘मेटल प्रिंट’ या एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सब्लिमेशनमध्ये चित्र आधी कागदावर छापतात आणि तो कागद लेप दिलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर सुमारे २०० अंश सेल्सिअसला दाबतात. रंगाची वाफ होऊन ती लेपात मुरते. यूव्हीत शाई थेट एसीपीवर, म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक भरलेल्या शीटवर मारतात आणि यूव्ही दिव्याखाली सुकवतात. ती वरच बसते.

ओळखायला चंद्राची कड काळ्या आकाशाला भिडते तिथून हलकं बोट फिरवा. यूव्हीत बारीक उंचवटा लागतो, सब्लिमेशनवर बोट काचेवरून जावं तसं सरकतं. मग पत्र्याची कड डोळ्यासमोर आडवी धरा : एसीपीत दोन चकचकीत रेघांमध्ये प्लास्टिकचा पट्टा दिसतो.

चंद्राचं सगळं रूप करड्या छटांत. दिवस-रात्रीच्या सीमेवर विवरांच्या लांब सावल्या पडतात, तिथे यूव्हीचे ठिपके जवळून जाणवतात, सब्लिमेशनमध्ये छटा सलग उतरतात. पत्रा पांढऱ्या बेसचाच मागा, चंदेरीवर पांढरं असं काही उरत नाही. नमुन्याचा तुकडा आधी काढून घ्या, कारण करड्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक बऱ्याचदा येते. २ बाय २ फुटांना २०० डीपीआयने, म्हणजे इंचाला २०० ठिपक्यांनी, प्रत्येक बाजूला ४,८०० पिक्सेल लागतात. चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानाचा १०० मीटर प्रति पिक्सेलचा नकाशा त्याला भरपूर पुरतो, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो नाही.

किनाऱ्यावरच्या घरात खरी परीक्षा खाऱ्या वाऱ्याची. शाई मारण्याआधी पत्रा नीट पुसला नसेल, तर यूव्हीची शाई कडेने सुटते, आणि खारी ओल आत शिरली की पापुद्रे निघतात. म्हणून ओटीवर, माजघरात सब्लिमेशनच लावावा. झड येते त्या पडवीत दोन्ही नकोत. सब्लिमेशनचे रंग थेट उन्हातही फिके पडतात.

समोरून भोक पाडू नका, लेप तिथेच फुटतो. मागे चौकट चिकटवून भिंतीपासून १५ मिलिमीटर फट ठेवा, पावसाळ्यात चिऱ्याची भिंत पाणी धरते. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लग, सांध्यात नव्हे, चिऱ्याच्या अंगात ठोका. स्क्रू ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, आणि ॲल्युमिनियमला टेकतील तिथे नायलॉनचा वॉशर. लोखंडी स्क्रूशेजारी ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं.

पुसताना आधी गोड्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं फिरवा. कोरडं घासलंत तर मिठाचे कण काळ्या आकाशावर ओरखडे काढतात.