वैताग (सीमाभागातील)

वैताग : हाती घेतलेले काम अडले, आणि अडवणारी गोष्ट आपल्या ताब्यातली नसली, की होणारी चिडचिड. मानसशास्त्राच्या पुस्तकांत याला ‘वैफल्य’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे बोलताना तो शब्द सहसा कुणाच्या तोंडी येत नाही. इथे माणूस वैतागतो, त्याचे डोके उठते, आणि फारच झाले की तो त्रागा करतो. ‘त्रागा’ला जुना इतिहास आहे. गुजरात-काठियावाडातले चारण-भाट शब्द मोडणाऱ्याला वठणीवर आणण्यासाठी स्वतःच्याच अंगावर शस्त्र चालवीत, तो त्रागा. कचेरीतल्या कारकुनावरचा राग घरच्या ताटावर काढून उपाशी झोपणारा माणूस आजही तेच करतो, फक्त रक्त निघत नाही.

अडथळ्यातून आक्रमकता जन्मते, अशी मांडणी येल विद्यापीठातील जॉन डॉलर्ड आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये केली. लिओनार्ड बर्कोविट्झ यांनी १९८९ मध्ये ती सौम्य केली : अडथळ्याने आधी मन कडू होते, त्या कडवटपणातून राग उसळेलच असे नाही. मेरी हॅरिस यांचा १९७४ चा प्रयोग तर रांगेत उभ्या राहणाऱ्या कुणालाही पटेल. रांगेत मध्येच घुसणाऱ्यावर बाराव्या क्रमांकाच्या माणसापेक्षा दुसऱ्या क्रमांकाचा माणूस जास्त भडकला. काम जितके हाताशी, तितकी अडवणूक झोंबते.

नाडकचेरीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीच्या, खिडकीशी हे रोज दिसते. जात-उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पहिल्या बसने आलेला मराठी शेतकरी. अर्ज कन्नडमध्ये, म्हणून तो शेजारच्याकडून भरून घेतलेला. पुढे एकच माणूस उरला असताना आतून आवाज येतो, ‘सर्व्हर नाही, उद्या या.’ त्याच्या मनात पहिला विचार येतो : हे आपल्यालाच असे करतात. १ नोव्हेंबर १९५६ ला हा भाग म्हैसूर राज्यात गेला, सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ पासून चालू आहे. एवढी मोठी ताटकळ पाठीशी असताना असे वाटणे अगदी स्वाभाविक. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या कन्नड शेतकऱ्याचाही दाखला त्याच सर्व्हरने अडवलेला असतो. कुणी मुद्दाम अडवले असे वाटले की राग दुप्पट होतो. म्हणून अडचण यंत्राची, नियमाची की माणसाची, हे आधी वेगळे काढणे हाच वैताग आवरण्यातला सर्वांत कामाचा भाग.

यंत्र बंद असेल तर थांबण्याला इलाज नाही. मात्र नुसत्या ‘उद्या या’पेक्षा तारीख असलेली पोच कधीही बरी. कर्नाटकाच्या २०११ च्या सेवा हमी कायद्याने, म्हणजे लोक ज्याला ‘सकाल’ म्हणतात त्याने, ठरावीक सेवांना मुदत घातली आहे आणि अर्जाला क्रमांक मिळतो. भाषेची अडचण असेल तर संविधानाचे कलम ३५० आहे : संघात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तक्रार-अर्ज देता येतो. खिडकीशी हुज्जत घालण्यापेक्षा लिहून दिलेला कागद पुढे सरकण्याची शक्यता जास्त.

‘राग बाहेर काढला की मन हलके होते’ हा समज मात्र चुकीचा. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, राग आणणाऱ्या माणसाला आठवत पिशवीवर ठोसे मारणारे लोक स्वस्थ बसलेल्यांपेक्षा जास्त चिडलेले निघाले. गावच्या तालमीत घाम गाळून बरे वाटते ते बहुधा लक्ष समोरच्याच्या पकडीवर असते म्हणून. मनात कारकून धरून जोर मारले तर उपयोग नाही. संध्याकाळच्या भजनात लांब ओळ ओढताना श्वास सावकाश सुटतो आणि सावकाश उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात, एवढे शरीरशास्त्र त्यात आहे. बाकीचे टाळांवर आणि सोबतीला बसलेल्यांवर.

झोप उडाली, जेवण सुटले, आठवडे गेले तरी मन उभारी धरत नसेल, तर तो वैताग उरलेला नसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालतो, आणि तिथे बोलण्याची भाषा निवडता येते. मराठीही.